फोन टिंटिंटिं करून काय सांगतो?

आजीच्या जुन्या, बटणांच्या नोकियावर मेसेज आला की कसा आवाज होतो, कान देऊन ऐकलंय कधी? त्यात ‘स्पेशल’ नावाची धून लावलेली असेल, तर आधी तीन तोकडे सूर, मग दोन लांब, मग पुन्हा तीन तोकडे. टिंटिंटिं, टींऽऽ टींऽऽ, टिंटिंटिं! तारायंत्राच्या मोर्स लिपीत तीन तोकडे ठोके म्हणजे इंग्रजी ‘एस’ आणि दोन लांब ठोके म्हणजे ‘एम’. आता जोडा बघू. एस, एम, एस! आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेची भाषा आजीच्या पिशवीत अजून वाजते आहे.

एसएमएसचा जन्मही मजेदार आहे. १९८५ च्या सुमाराला जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करत बसले आणि प्रत्येक वाक्यातली अक्षरं मोजू लागले. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत संपत होती. मग त्यांनी पोस्टकार्डांवरचे मजकूरही तपासले. तेही आटोपशीरच! पुढे ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. त्याने तो संगणकावरून पाठवला होता.

पण १६० च का? तुमचा फोन आणि मोबाइलचा टॉवर यांची आपसात सतत काही ना काही बोलणी चालू असतात. ‘मी इथे आहे’, ‘तुला कॉल आलाय’ असली कामाची. त्या बोलण्याच्या वाटेवरूनच एसएमएस जातो आणि तिथे एका मेसेजला जागा मिळते फक्त ११२० बिटची. बिट म्हणजे शून्य किंवा एक. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात. करा भागाकार: १६०! मराठी अक्षराला लागतात १६ बिट. पुन्हा भागा: ७०! म्हणून मराठी मेसेज लवकर भरतो. त्यात फोन काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतो. ‘मी पोचलो’ आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, फोन मात्र मधली मोकळी जागा धरून आठ मोजतो. आणि एकट्या ‘क्ष’चे तीन! क, पाय मोडण्याची खूण आणि ष.

कधी कधी मेसेज उघडला की नुसते चौकोनच चौकोन दिसतात. आजी म्हणते, ‘फोन बिघडला वाटतं!’ बिघडलेला नसतो. मजकूर मराठीत आलेला असतो, पण त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रंच भरलेली नसतात. मग प्रत्येक अक्षराच्या जागी तो एक रिकामा चौकोन काढून ठेवतो. पडद्यावर पाकिटाचं चित्र लुकलुकत राहिलं, तर बऱ्याच जुन्या फोनांत त्याचा अर्थ मेसेजची जागा भरली असा असतो. थोडे जुने मेसेज पुसा, अडकलेले नवे आत येतील. तोवर ते कंपनीच्या केंद्रात थांबलेले असतात. रात्रभर बंद ठेवलेला फोन सकाळी चालू केला की पाठोपाठ टिंटिंटिं होतं, तेही त्यामुळेच.

आता पाठवणाऱ्याचं नाव नीट बघा. बँकेचा किंवा दुकानाचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही, ‘व्हीएम’ किंवा ‘जेडी’ अशा दोन इंग्रजी अक्षरांपासून सुरू होतो. पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं: जिओचं ‘जे’, एअरटेलचं ‘ए’. दुसरं विभागाचं: मुंबईचं ‘एम’, दिल्लीचं ‘डी’. मग एक आडवी रेघ आणि पाठवणाऱ्याचं छोटं नाव. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर लागतं. ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेची माहिती, ‘टी’ म्हणजे ओटीपी किंवा पैशांचा व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. तेव्हा साध्या दहा आकडी नंबरावरून कुणी ‘मी बँकेतून बोलतेय, आज खातं बंद होणार’ असं कळवलं, तर ते खरं मानू नका. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर घरच्या मोठ्यांना लगेच १९३० वर फोन करायला सांगा.

२०२३ मध्ये देशभर अनेक फोन एकदम मोठ्याने कोकलले होते, आठवतं? घरातल्या मोठ्यांना विचारा. तो दूरसंचार विभागाने पाठवलेला चाचणीचा इशारा होता. तसं त्यात लिहिलेलंही होतं. हा एसएमएस नव्हे, याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबराला जातो. हा मात्र दवंडीसारखा. टॉवर एकदाच सांगतो आणि त्याच्या टापूतल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी ऐकू जातं. टॉवरला कुणाचाही नंबर लागत नाही, त्यामुळे लाखो फोन असले तरी रांग लागत नाही. हीच युक्ती पूर्वी बीएसएनएलच्या फोनांवर गंमत करायची: ५० नंबरची वाहिनी लावली की एसटी पुढे जाईल तशी पडद्यावर टॉवरच्या गावांची नावं बदलत जायची!

पावसाळ्यात वीज पडण्याचे, अतिवृष्टीचे इशारे मोबाइलवर मराठीत येतात. शेतात काम करणाऱ्या माणसाला तो मेसेज वेळेवर वाचता आला, तर झाडाखालून निघून घरात जायला अवधी मिळतो. आणि नेमका त्याच्याच फोनवर चौकोन दिसले तर? म्हणून एक काम कराच. घरातला, शेजारचा बटणांचा फोन हातात घ्या, त्यावर ‘पाऊस’ असा मराठी मेसेज पाठवा आणि अक्षरं उमटतात का बघा. चौकोन उमटले, तर सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा मिळते का शोधा. नाहीच मिळाली, तर आजीला सांगून ठेवा: आभाळ भरलेलं असताना चौकोनांचा मेसेज आला, की लगेच शेजाऱ्यांचा फोन बघायचा.