मुलाचे वागणे आणि प्रश्नावलीची खूण

सहावी-सातवीतला मुलगा एकाएकी अभ्यासात मागे पडला, क्षुल्लक कारणावरून भरल्या ताटावरून उठू लागला, की घरातल्या वडीलधाऱ्यांचे निदान तयार असते: ‘लाडाने बिघडला’, ‘अंगात आळस भरला’, नाही तर ‘वयच तसे आहे’. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही मुलांच्या अशा वागण्यामागे नैराश्याचा विकार दडलेला असतो. मोठे माणूस खिन्न होते, तेथे मूल चिडचिडे होते. आणि मनातले सांगायला शब्द न सापडल्याने पोट दुखते, डोके दुखते म्हणून तक्रार करते.

अशा मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेले असता पुष्कळदा पालकांच्या हाती एक प्रश्नावली येते. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे थॉमस अकेनबाख यांची वर्तनसूची जगभर वापरली जाते. तिच्याच आधारे चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. सविता मल्होत्रा व त्यांचे सहकारी यांनी आपल्याकडील चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ७५ प्रश्नांची सूची सिद्ध केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. मुलाची झोप, भूक, भीती, राग, खेळ, मित्र यांविषयी साधे प्रश्न असतात. उत्तरांच्या गुणांची बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली, की अधिक तपासणी हवी असे समजतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. निदान होते ते मुलाशी व पालकांशी प्रत्यक्ष बोलून. प्रश्नावली तज्ज्ञाला कोठे पाहावे ते दाखवते, आणि आईच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तिच्याच तोंडून वदवते.

आईने एक लिहिले आणि शिक्षकांनी दुसरे, तर कोणी खोटे बोलले असे होत नाही. अकेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पालक व शिक्षक यांच्या उत्तरांत फारच थोडा मेळ आढळला. मूल घरी एक असते, शाळेत दुसरे. म्हणून दोघांचीही उत्तरे हवीत, आणि मोठ्या मुलाची स्वतःचीही.

आपल्या सुरतेत याला आणखी एक पदर आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतल्या कितीतरी खानदेशी घरांत वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत असतात. मूल घरी अहिराणी बोलते, पालिकेच्या शाळेत मराठीतून शिकते, गल्लीत हिंदी-गुजराती ऐकते. ‘मूल उदास असते का?’ या पुस्तकी प्रश्नाला आई ‘नाही’ म्हणते. ‘त्याला करमत नाही का, कशात जीव लागत नाही का?’ असे विचारले, की तीच आई बोलू लागते. प्रश्न कळला नाही तर तसे सांगावे; अंदाजाने खूण करू नये.

काही मुलांत याच्या उलट अवस्थाही येते. काही दिवस झोप अगदी थोडी आणि तरी थकवा नाही, बोलण्याला खळ नाही, भलतेच बेत. हे ‘हुशारीचे लक्षण’ म्हणून लपवू नये. केवळ नैराश्य समजून दिलेल्या औषधाने अशा मुलाचा उन्माद बळावू शकतो.

आणि ‘मरून जावेसे वाटते’ असे मूल म्हणाले, तर बेरजेची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात व पालिकेच्या ‘स्मीमेर’मध्ये मनोविकार विभाग आहेत. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य आहे.

‘लोक काय म्हणतील’ या भीतीने केलेली खोटी खूण कागदावर घराची अब्रू राखते. भोगावे लागते ते मुलाला. पालकांनी तेवढे एक उत्तर खरे द्यावे.