आपल्या गव्हाचा पाव

गव्हाची पारख बाजारांत डोळ्यांनीं होते. दाणा टपोरा आहे कीं नाहीं, त्यावर चकाकी कितपत आहे, मूठभर दाणे हातावर पाखडले असतां त्यांत काडीकचरा किती निघतो, एवढें पाहून व्यापारी भाव सांगतो व शेतकरीहि तेवढ्यावर समाधान मानून घरीं येतो. परंतु गव्हाचा खरा गुण दाण्याच्या कांतींत नसून त्याची कणीक भिजविल्यावर ती कशी वागते ह्यांत आहे. आणि ही गोष्ट पोळीवरून कळते त्याहून किती तरी स्पष्टपणें पावावरून कळते. पोळी पातळ लाटली जाते, तव्यावर एकदोन मिनिटांत भाजून निघते, आणि तेलतूप लावलें कीं हलक्या गव्हाचे दोषहि झांकले जातात. पावाच्या कणकेला मात्र तीनचार तास स्वतःच्या बळावर उभें राहावें लागतें. म्हणून ज्याच्या शेतांत दोनतीन जातींचा गहूं पिकतो त्यानें वर्षांतून एकदां तरी त्याचा पाव घरीं भाजून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

आपल्याकडे पावाची एके काळीं मोठीच नालस्ती होती. मुंबईंत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस मंडळींत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याची ती ठळक खूण मानीत. तो काळ गेला. आज खेड्यांतील टपरीवरहि पाव मिळतो. मात्र तो कोणत्या गव्हाचा आहे हें खाणारास ठाऊक नसतें व विकणारासहि नसतें. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतला, व हें कसबहि पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत आलें. तेथील पोदेरांनीं कणीक फुगविण्यास माडाची सूर वापरली आणि लांकडानें तापविलेल्या भट्टींत उंडे व कोंडा लावलेली पोई भाजली. अलीकडे बहुतेक भट्ट्यांतून सुरेची जागा विकतच्या यीस्टनें घेतली आहे, व जुन्या पावाची किंचित् आंबटगोड चव त्याबरोबर गेली, अशी तेथील जाणत्या लोकांची तक्रार ऐकूं येते.

आतां कणीक फुगते ती कां, हें पाहूं. सुरेंत काय किंवा यीस्टमध्यें काय, अतिसूक्ष्म एकपेशी बुरशी असते. ती पिठांतील साखर खाऊन कर्बवायु सोडते. वायु तर कोणत्याहि भिजलेल्या पिठांत उत्पन्न होईल. प्रश्न आहे तो कोंडून धरण्याचा. गव्हाच्या पिठांत अशीं दोन प्रथिनें आहेत कीं, पाणी मिळून तीं तिंबलीं गेलीं म्हणजे त्यांचें रबरासारखें चिवट जाळें बनतें. ह्यासच ग्लुटेन म्हणतात. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या पंडितानें १७२८ सालीं कणीक पाण्याखालीं धुऊन हें द्रव्य निराळें काढून दाखविलें. त्याची ती रीत इतकी सोपी आहे कीं, आपल्या स्वयंपाकघरांत ती कोणासहि करतां येईल.

पन्नास ग्रॅम पीठ तलम कापडांतून चाळून घ्यावें, सुमारें तीस ग्रॅम पाण्यांत त्याचा घट्ट गोळा मळावा व तो अर्धा तास झांकून ठेवावा. मग पाण्यानें भरलेल्या पातेल्यांत तो हलक्या हातानें दाबीत धुवावा. पाणी दुधासारखें पांढरें होईल. तें पिष्ट होय. पाणी बदलीत, तें निवळ राहीपर्यंत धूत गेलें म्हणजे हातांत पिंवळसर-करडा चिवट गोळा उरतो. चांगल्या सरबती गव्हाचा हा गोळा पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो, ओढला असतां लांबतो आणि सोडला असतां मागें येतो. बन्सीचा गोळा वजनांत कमी नसतो, कित्येकदां अधिकच भरतो. पण तो ओढतांना आडमुठेपणा करतो व लांबण्याऐवजीं तुटतो. खपलीचा गोळा मऊ, लिबलिबीत, बोटांस चिकटणारा असतो. ज्वारीच्या पिठावर हाच प्रयोग केला तर हातांत कांहींच उरत नाहीं.

ह्या एका प्रयोगांत आपल्या स्वयंपाकाचा बराच इतिहास आहे. बन्सीचा रवा व शेवया चांगल्या होतात, कारण तेथें न फुगणारी, आकार न सोडणारी कणीक हवी असते. खपलीची खीर व पुरणपोळी नांवाजलेली आहे, कारण तेथें चिवटपणा नकोच असतो. ज्वारीची भाकरी कढत पाण्यांत भिजवितात ती उगीच नव्हे. उकडीनें पिष्ट शिजून चिकट होतें व ग्लुटेनचें काम तें तात्पुरतें करतें. आपल्या आजीबाईंस ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोणत्या धान्यास कोणतें पाणी हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. मात्र बन्सी चांगला कीं सरबती चांगला हा वाद, कशासाठीं हें न सांगतां घालणें व्यर्थ आहे. निफाडच्या संशोधन केंद्रानें काढलेला गोदावरी हा बन्सी वर्गांतील व त्र्यंबक हा सरबती वर्गांतील. पहिल्याचा पाव बसका झाला म्हणून त्यास नांवें ठेवणें म्हणजे खिलारी बैलानें दूध दिलें नाहीं म्हणून रागावण्यासारखें आहे.

प्रत्यक्ष पावासाठीं पांचशें ग्रॅम पीठ घ्यावें. गिरणींतील पीठ असल्यास जाड कोंडा चाळून काढावा, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचें जाळें कापतात. सगळा कोंडा ठेवावयाचा असल्यास पाव कमी फुगेल हें धरून चालावें. पाणी साडेतीनशें ग्रॅम, मीठ दहा ग्रॅम, कोरडें यीस्ट चार ते पांच ग्रॅम. दगडी चक्कीचें पीठ मैद्यापेक्षां जास्त पाणी पितें, तेव्हां मैद्याच्या मापानें पाणी घालूं नये. प्रथम पीठ व पाणी मिसळून वीस मिनिटें नुसतें ठेवावें; त्यानें पुढील तिंबणें निम्म्यानें वांचतें. नंतर यीस्ट व मीठ घालून दहा मिनिटें चांगलें तिंबावें. कणकेचा लहानसा तुकडा दोन्ही हातांनीं ताणला असतां न फाटतां पडद्यासारखा पातळ झाला म्हणजे कणीक तयार समजावी. हा तुकडा पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. घड्याळापेक्षां तो अधिक खरें सांगतो.

कणीक दुप्पट होण्यास थंडींत दोन तास किंवा अधिक लागतात, पण वैशाखांत तासाभरांतच काम होतें, आणि दुर्लक्ष झालें तर ती आंबट होऊन खालीं बसते. उन्हाळ्यांत म्हणून माठांतील गार पाणी वापरावें व यीस्ट निम्मे करावें. फुगलेली कणीक दाबून, वळून, तूप लावलेल्या डब्यांत घालावी व पुन्हां फुगूं द्यावी. बोटानें दाबलें असतां खळगा हळूहळू, अर्धामुर्धा भरून आला कीं भाजावयास घ्यावी. विजेची भट्टी असल्यास सुमारें २१० अंश सेल्सिअस उष्णता व पस्तीस ते चाळीस मिनिटें पुरतात. नसल्यास जाड बुडाचें मोठें भांडें आधीं तापवून त्यांत डबा ठेवावा, खालीं बेताची आंच व झांकणावर निखारे द्यावे. बुडावर टिचकी मारली असतां पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला. गरम पाव कापूं नये, आंत गिचका होतो. शीतकपाटांत ठेवूं नये, तेथें तो बाहेरपेक्षां लवकर शिळा होतो.

तुलना करावयाची तर पेले घेऊन करावी. सरळ भिंतीच्या सारख्या कांचेच्या पेल्यांत निरनिराळ्या पिठांची शंभर-शंभर ग्रॅम कणीक घालून बाहेरून खूण करावी व दर अर्ध्या तासानें पाहावें. सरबतीच्या पिठांत पांचवा हिस्सा ज्वारी मिसळली तरी पाव बरा होतो, व त्यास एक प्रकारचा गोडसर खरपूसपणाहि येतो. त्याहून पुष्कळ वाढविल्यास तो वडीसारखा भरीव होतो. यीस्ट न आणतां करावयाचें असल्यास पीठ व पाणी समभाग कालवून ठेवावें, रोज निम्में टाकून तितकेंच ताजें घालावें. आठवड्याभरांत त्यांत बुडबुडे येऊन घरचें खमीर तयार होतें. असा पाव फुगण्यास अधिक वेळ घेतो, पण सावकाश आंबल्यानें कोंड्यांतील फायटिक आम्ल कमी होऊन लोह व जस्त शरीरास अधिक मिळतें.

पुसा येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड ह्या दांपत्यानें गव्हाच्या जाती निवडतांना केवळ उत्पन्नाकडे न पाहतां नमुने इंग्लंडांत पाठवून त्यांचे पाव भाजवून पाहिले. तीच दृष्टि शेतावर उपयोगी पडते. एकाच जातीच्या दोन तुकड्यांतील गव्हाचे पेले शेजारीं ठेवले तर नत्राची उणीव लक्षांत येते. ज्या तुकड्यास नत्र कमी पडला त्याच्या बन्सीच्या दाण्यांवर पांढरे पिठूळ डाग दिसतात व सरबतीची कणीक ढिली निघते. ओंबी बाहेर पडण्याच्या सुमारास दिलेला थोडा नत्र पोत्यांची संख्या फारशी वाढवीत नाहीं, पण दाण्यांतील प्रथिन वाढवितो.

कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मात्र परीक्षा अवश्य करावी. ओंबींतच दाण्यास अंकुर सुटूं लागला कीं पिष्टाची साखर करणारें किण्व जागें होतें. अशा गव्हाचा पाव बाहेरून लालभडक व आंतून चिकट होतो, सुरी त्यांतून स्वच्छ निघत नाहीं. दाणा वरून पुष्कळदां चांगलाच दिसतो, त्यामुळें घेणारा व देणारा दोघेहि फसतात. थोडासा असा गहूं चांगल्या गव्हांत मिसळला तरी सगळें पीठ बिघडतें. सबब पावसांत सांपडलेल्या तुकड्याची मळणी निराळी करून तो माल निराळ्या पोत्यांत भरावा, आणि एक पाव भाजून पाहिल्यावांचून तो बियाण्यांत किंवा विक्रीच्या ढिगांत ओतूं नये.