आम्रबेटाच्या दक्षिण टोकावर : नुएवा वालेन्सिया

फिलिपाइन्सच्या द्वीपसमूहाच्या मध्यभागी, पनाय आणि नेग्रोस या दोन विस्तीर्ण बेटांच्या दरम्यान गिमारास नावाचे जे चिमुकले बेट आहे, त्याचे क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे जवळजवळ बृहन्मुंबईएवढेच भरते. परंतु मुंबईत जेथे माणसांची दाटी, तेथे गिमारासमध्ये आंब्याची, काजूची आणि माडांची दाटी आहे. पनायवरील इलोइलो शहराच्या धक्क्यावरून बांबूच्या उलांड्या लावलेल्या यांत्रिक होडीत बसले की पाव तासात हे बेट गाठता येते. शतकानुशतके इलोइलोच्या अंमलाखाली राहिलेल्या या बेटाला १९६६ साली उपप्रांताचा आणि १९९२ च्या मे महिन्यात स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला. त्याच्या पाच नगरप्रदेशांपैकी नैर्ऋत्य आणि दक्षिण किनारा व्यापून राहिलेला जो नगरप्रदेश, तो नुएवा वालेन्सिया.

स्पेनमधील एका वैभवशाली शहराचे स्मरण देणारे हे नाव ऐकून कोणी मनोरे आणि राजमार्ग डोळ्यांपुढे आणील, तर त्याची निराशाच व्हावयाची. बरांगाय नावाच्या बावीस गावांचा मिळून हा मुलूख झालेला असून, चाळीस हजारांच्या घरातील त्याची लोकसंख्या भातखाचरांच्या कडेने, टेकड्यांच्या उतारांवर आणि खाडीच्या मुखांशी विखुरलेली आहे. लोकनियुक्त महापौर आणि त्याचे सल्लागार मंडळ कारभार पाहतात. घरांतून आणि बाजारातून हिलिगायनॉन भाषा बोलली जाते. स्पॅनिश आमदानीची खूण पाहावयाची असेल, तर डोलोरेस गावाच्या हद्दीतील गिसीच्या कड्यावर जावे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला लोखंडी दीपस्तंभ गंजून जीर्ण झाला आहे आणि रखवालदाराच्या निवासाच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. पाहुणे गिसीला आणि अलुबिहोदच्या पांढऱ्या पुळणीवर गर्दी करतात. ते योग्यच आहे. पण या मुलखाचा खरा परिचय व्हावयाचा तो किनाऱ्याकडे पाठ फिरवून आमराईत शिरल्यावरच.

बेटाची भूमी बहुतांशी चुनखडीची, चढउतारांची, हवामान मोसमी. पावसाळा ओसरला की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आकाश कोरडे राहते, आणि आंब्याला नेमके हेच मानवते. मोहोर धरण्याच्या वेळी पाऊस पडला तर काय अनर्थ ओढवतो, हे रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांना सांगावयास नको. येथील आंबा 'काराबाव' या नावाने ओळखला जातो. तेथे म्हशीला काराबाव म्हणतात. फळ लांबट, साल पातळ आणि सोनेरी, गर जवळजवळ रेषाहीन, आणि गोडी अशी की १९९५ साली गिनीजच्या विक्रमग्रंथात जगातील सर्वांत गोड आंबा म्हणून त्याची नोंद झाली. आंब्याचे मूळ आपल्या उपखंडाच्या पूर्वभागात आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर, हे ध्यानी घेतले म्हणजे आपल्याच कुळातील एक शाखा समुद्रापलीकडे जाऊन एवढी नावारूपाला आली, याचा मराठी वाचकाला हेवा न वाटता अभिमानच वाटावा.

या झाडांना मोहोर आणण्याची तेथील रीत मात्र आपल्याहून निराळी आहे. पूर्वी शेतकरी झाडाखाली ओला पालापाचोळा पेटवून अनेक दिवस अहोरात्र धूर करीत. त्या धुरातील वायूने डोळे फुटून मोहोर येई, परंतु श्रम अतोनात आणि फळ बेभरवशाचे. १९७० च्या दशकात रामोन बार्बा या फिलिपिनी वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोगान्ती दाखवून दिले की पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, पाण्यात शेकडा एक या प्रमाणात विरघळवून पक्व पानांवर फवारला, तर थोड्याच दिवसांत मोहोराचे डोळे फुटू लागतात. या शोधाचे हक्क त्याने नोंदवून ठेवले खरे, पण शेतकऱ्यांकडून त्याचा मोबदला घेतला नाही. पुढे २०१४ साली त्याला 'राष्ट्रीय शास्त्रज्ञ' हा किताब मिळाला. तथापि ज्या संशोधनाचे फळ अल्पभूधारकाच्या पदरात विनामूल्य पडले, त्याची थोरवी कोणत्याही किताबापेक्षा अधिक मानावयास हवी.

आजही अनेक लहान मालक आपली झाडे हंगामापुरती फवारणीच्या ठेकेदाराकडे सोपवतात. औषध, मजुरी आणि जोखीम त्याची, आणि उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा मालकाचा. फळ अंड्याएवढे झाले की प्रत्येक फळाला जुन्या वर्तमानपत्राची पिशवी चढविली जाते. उंच शेंड्यांवर, बांबूच्या शिड्यांवर तोल सावरीत, एकेका फळाभोवती कागद गुंडाळणाऱ्या या मजुरांचे कसब पाहिले म्हणजे बाजारातील डागरहित आंब्याची किंमत कशाची असते ते उमगते. फळमाशी आणि ऊन यांपासून फळ राखणारी ही कागदी पिशवी म्हणजे या शेतीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कष्टाचे साधन होय.

फळमाशीचा असा बंदोबस्त होतो. पण आंब्याचा दुसरा एक शत्रू आहे, कोय पोखरणारा सोंड्या भुंगेरा, आणि गिमारासच्या कीर्तीचे मर्म येथेच आहे. हा किडा फळाच्या बाल्यावस्थेतच आत शिरून कोयीत वाढतो, बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही, आणि म्हणून परदेशांचे रोगप्रतिबंधक खाते त्याला सर्वांत अधिक भिते. आपल्या हापूसला अमेरिकेचे दार जवळजवळ अठरा वर्षे बंद राहिले, आणि २००७ साली ते उघडले तेव्हाही लासलगावच्या केंद्रात फळांवर किरणोत्सर्गाचा मारा करण्याची अट घातली गेली, त्यामागे या भुंगेऱ्याची धास्ती मुख्य होती. गिमारासमध्ये तो नाही. कसून पाहणी केल्यानंतर अमेरिकेच्या कृषिखात्याने २००१ साली हे बेट सोंड्यामुक्त मानले आणि केवळ बाष्पोष्ण प्रक्रिया करून येथील आंबा अमेरिकेत येऊ दिला. हा मान टिकावा म्हणून बाहेरचा आंबा, त्याचे रोप वा कलम बेटावर आणण्यास सक्त मनाई आहे. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत एखादे फळ सापडले, तर ते जप्त होते. आंब्याच्या गावी आंबा नेण्यास बंदी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण ज्यांची वर्षाची भाकरी एका किड्याच्या अनुपस्थितीवर अवलंबून आहे, त्यांनी एवढे कडक राहिलेच पाहिजे.

आंब्याखालोखाल काजू. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यास आणलेले हे झाड स्पॅनिशांच्या हातून येथे पोहोचले, आणि मुरमाड उतारांवर त्याने येथेही तसाच जम बसविला. टरफलातील दाहक तेलाने बोटे पोळून घेत बी फोडण्याचे काम घरोघरी बायकाच करतात. कोकणातील काजूगराच्या मागेही नेमके असेच पोळलेले हात असतात.

येथवर जी कथा सांगितली ती भूमीची. परंतु या मुलखातील निम्मा संसार समुद्रावर चालतो. इगांगच्या आडोशाच्या खाडीत आग्नेय आशियाच्या मत्स्यविकास केंद्राचे सागरी ठाणे आहे. बांगुस हा फिलिपाइन्सचा अत्यंत लोकप्रिय मासा. त्याची पिल्ले पूर्वी केवळ समुद्रकिनारी जाळ्यांनी गोळा करून तळ्यांत सोडावी लागत. १९८० साली इगांगच्या तरंगत्या पिंजऱ्यांत वाढविलेल्या बांगुसांनी तेथेच आपण होऊन अंडी घातली, आणि निसर्गाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या एका मोठ्या व्यवसायाला नवी दिशा मिळाली. त्याहून दक्षिणेस ताक्लोंग बेटाभोवतीचा तिवरांचा आणि प्रवाळांचा प्रदेश १९९० मध्ये राष्ट्रीय सागरी अभयक्षेत्र म्हणून घोषित झाला.

याच किनाऱ्यावर २००६ च्या ऑगस्टमध्ये अरिष्ट कोसळले. ११ तारखेला वादळी हवेत 'सोलार १' हे तेलवाहू जहाज गिमारासच्या दक्षिणेस खोल समुद्रात बुडाले. त्यात वीस लाख लिटरांहून अधिक जड इंधनतेल होते. फिलिपाइन्सच्या इतिहासातील या सर्वांत मोठ्या तेलगळतीचा पहिला आणि सर्वांत दारुण आघात नुएवा वालेन्सियाने सोसला. ताक्लोंगची तिवरे काळी पडली, मासेमारी थांबली, आणि गावकरी उघड्या हातांनी, बादल्यांनी, काथ्याने तो चिकट थर वाळूवरून खरवडू लागले. तेल शोषून घेण्यासाठी केशकर्तनालयांतून माणसांचे केस आणि कोंबड्यांची पिसे गोळा करण्याचे आवाहन देशभर झाले. ज्या पाण्याने भुंगेऱ्याला दूर ठेवले, त्याच पाण्यावरून हे तेल आले. धक्क्यावरील पहारेकऱ्याला ते अडविणे शक्य नव्हते. आंतरराष्ट्रीय निधीतून काही नुकसानभरपाई वाटली गेली, परंतु ती सगळ्यांपर्यंत पोहोचली नाही. मासळीवर जगणाऱ्या माणसाजवळ आपल्या मिळकतीचे दफ्तर कोठून असणार? कागदावर पुरावा मागणारी न्यायपद्धती अशा माणसावर हटकून अन्याय करते, आणि हा दोष त्या एका बेटापुरता खचितच नाही.

२०२३ साली 'गिमारास आंबा' या नावाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली; फिलिपाइन्समधील ही अशा प्रकारची पहिलीच नोंद. आपल्या हापूसला ती २०१८ मध्ये मिळाली होती. दुसरीकडे पनाय, गिमारास आणि नेग्रोस यांना जोडणाऱ्या सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या सेतूची योजना सरकारदरबारी पुढे सरकते आहे. आजाऱ्याला रात्री-अपरात्री इलोइलोच्या इस्पितळात नेता यावे, आंबा वेळेवर बाजारात पोहोचावा, यासाठी बेटावरील माणसाला पूल हवा असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि दूरच्या कोणी त्याला समुद्राचे एकांत सौंदर्य जपण्याचा उपदेश करू नये. मात्र आज जी तपासणी मोजक्या धक्क्यांवर होते, ती उद्या दिवसरात्र धावणाऱ्या हजारो वाहनांवर करावी लागेल. तेव्हा पुलाच्या आराखड्यातच दोन्ही बाजूंच्या टोकांवर रोगप्रतिबंधक नाक्यांची जागा, माणसे आणि कायमचा खर्च यांची तरतूद झाली पाहिजे, आणि ते नाके पहिले वाहन पुलावर चढण्यापूर्वी चालू झाले पाहिजेत.