काडतुसातील दारूचे माप आणि दाबाचे गणित

वाळूज ज्या छत्रपती संभाजीनगर–नगर रस्त्यावर वसले आहे, त्याच्या एका टोकाजवळ देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढ्याच्या डोक्याच्या आकाराचे बूड असलेली मेंढा तोफ आहे, आणि दुसऱ्या टोकाच्या नगर शहरात १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ आज विजापुरास आहे. या तोफांपासून आजच्या रायफलीपर्यंत प्रत्येक शस्त्रापुढे एकच प्रश्न उभा राहिलेला आहे: नळी न फाटता गोळा अपेक्षित वेगाने जावा, यासाठी दारू किती भरावी?

दीर्घकाळ या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने नव्हे, तर अनुभवाने आणि अपघातांनी दिले. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात आपल्याच बाजूची तोफ फुटून मरण पावला. पुढे युरोपात नेहमीपेक्षा अधिक दारूचा बार भरून नळीची परीक्षा घेण्याची आणि उतरलेल्या नळीवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. परंतु नळी त्या दिवशी टिकली एवढेच अशा परीक्षेतून कळे, तिच्या आत दाब किती झाला होता हे कळत नसे. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये टांगत्या लंबकावर गोळी झाडून तिचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, तरी दाब अज्ञातच राहिला. १८४४ मध्ये अमेरिकेच्या ‘प्रिन्सटन’ या युद्धनौकेवर प्रात्यक्षिकाच्या वेळी तोफ फुटून परराष्ट्रमंत्र्यांसह सहा जण ठार झाले. त्यानंतरच्या काही दशकांत, स्फोटाच्या दाबाने तांब्याच्या तुकड्यावर उमटणारी खूण किंवा त्याचे दबणे मोजून दाब काढणारी साधने आली. आज तेच काम दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे स्फटिक करतात.

या मोजमापाची निकड १८८४ नंतर अधिकच वाढली, कारण त्या वर्षी पॉल व्हिएय याने फ्रान्समध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू तयार केली. या दारूचा स्वभाव असा, की भोवतालचा दाब वाढला की तिचे ज्वलन वेग घेते आणि ज्वलन वेगावले की दाब आणखी चढतो. म्हणून मापात झालेली थोडी वाढ दाबात थोडीच वाढ करील, हा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. त्यातही दाब केवळ दारूच्या वजनावर ठरत नाही: गोळीचे वजन व धातू, ती पुंगळीत किती खोल बसवली आहे, पुंगळीच्या आतील जागा, दारूला पेट देणाऱ्या प्रायमरची तीव्रता आणि नळीची घडण यांपैकी एकही बाब बदलली तरी उत्तर बदलते. एका नावाखाली विकल्या जाणाऱ्या दारूच्या दोन खेपांतही फरक आढळू शकतो.

अमेरिकेसारख्या देशांत झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद रूढ आहे आणि दारूचे उत्पादक त्यासाठी मापांचे तक्ते प्रसिद्ध करतात. एखाद्या जोडणीसाठी तक्ताच नसेल, तेव्हा कमी मापापासून सुरुवात करून पुंगळीवरील खुणा पाहत वर जावे, असा समज प्रचलित आहे. परंतु प्रायमर सपाट होणे, बोल्ट अडकणे, पुंगळीचे बूड फुगणे या खुणा पितळाच्या आणि प्रायमरच्या धातूच्या मऊ-कठीणपणावरही अवलंबून असल्याने कधी उगाच दिसतात, तर कधी सुरक्षित मर्यादा ओलांडून गेल्यावरच दिसतात. काही मंदगती दारूंचे माप फाजील घटवणेही धोक्याचे ठरते, म्हणून ‘कमी भरले म्हणजे बिनधोक’ हेही सरसकट खरे नाही.

तापमानाचा मुद्दा मराठवाड्याला विशेष लागू आहे. नाटोच्या चाचणीपद्धतीत काडतुसे २१ अंश सेल्सिअसला तपासून पुन्हा उणे ५४ आणि अधिक ५२ अंशांनाही तपासली जातात, कारण तापलेली दारू सामान्यतः लवकर जळते. वैशाखात वाळूजजवळच्या रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ही वरची मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, मग हिवाळ्यातील सकाळी बिनधोक ठरलेले माप तेथे तसेच राहील याची हमी कोण देणार?

महाराष्ट्रात दारूगोळ्याच्या कारखान्यांची परंपरा मोठी आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा; जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे आणि भंडाऱ्याच्या कारखान्यात दारू तयार होते; २०२१ पासून हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहेत. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीच्या काडतुसात दाब हवेच्या सामान्य दाबाच्या चार हजार पटींहून अधिक होऊ शकतो, म्हणून अशा उत्पादनात प्रत्येक खेपेतील नमुने दाबमापक बसवलेल्या जाड नळीतून झाडून पाहिल्याशिवाय खेप उत्तीर्ण मानली जात नाही.

भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मितीच नव्हे, तर चाचणीही परवान्याविना करता येत नाही. खेळातील नेमबाजीतही पुंगळी स्वतः भरण्याचा प्रश्न येतोच असे नाही: पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा नेमबाज स्वप्निल कुसाळे ज्या ५० मीटर रायफल प्रकारात उतरला, त्यातील काडतुसाचा पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात असतो, त्यामुळे ते पुन्हा भरलेच जात नाही. या प्रकारातील नेमबाज वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जमणारी निवडतात. दारूच्या उत्पादकांच्या तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे दाबमापकाची नोंद असते. ती नोंद नसेल आणि मोजण्याचे साधनही हाती नसेल, तर सुरक्षित माप अंदाजाने शोधता येत नाही, आणि बार न भरणे हाच शास्त्रसंमत निर्णय उरतो.