सिबिलला न दिसणारा पूर

कर्ज द्यायचे की नाही, हे बँका आता अनेकदा मोबाइलवर काही मिनिटांत ठरवतात. अर्जदाराचा सिबिल स्कोअर, खात्यातली उलाढाल, जीएसटीची विवरणपत्रे एवढे पाहिले की काम झाले. पण ही सारी माहिती एका माणसाची आणि तीही त्याच्या मागच्या व्यवहारांची. बँकेचा हिशेब मुळात असा असतो की शंभरांतले दोन-चार कर्जदार बुडतील, सगळे एकदम बुडणार नाहीत. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा वेळेवर हप्ते भरणारा आणि हप्ते थकवणारा, दोघांचाही माल एकाच दिवशी भिजला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडेही हेच घडले होते. ही जोखीम जागेची असते. कर्जदाराचा स्कोअर कितीही चांगला असला, तरी तिचा पत्ता त्यातून लागत नाही.

या जोखमीचा पत्ता लावण्याचे साधन मात्र हाताशी आहे. तारण मालमत्तेचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे आणि त्यांच्यावर पूररेषा, मंडळनिहाय पाऊस, उपग्रहाची छायाचित्रे बसवायची, की आपली कर्जे कुठे एकवटली आहेत हे बँकेला दिसते. अडचण नोंदींची आहे. तारणाचा पत्ता ‘बसस्थानकाजवळ’ एवढाच असेल तर उपग्रह तरी काय करणार? हवामानाची माहितीही विखुरलेली आहे आणि ती वेगवेगळ्या एककांत व स्वरूपांत मिळते. ती बँकांना वापरता येईल अशा रूपात एकत्र आणण्यासाठी स्वतंत्र माहिती प्रणाली उभारण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये केली. त्याआधी, फेब्रुवारी 2024 मध्ये, हवामान-जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदाही तिने काढला होता.

पीककर्ज वर्षाचे, हवामानबदल दशकांचा, मग आज चिंता कशाला, असे काही जण विचारतात. पण पीककर्ज दरवर्षी त्याच जमिनीवर नवे होते, आणि गृहकर्ज तर वीस-वीस वर्षे चालते. दुसरा आक्षेप मात्र खरोखर गंभीर आहे. नकाशावर गाव लाल दिसले की बँक हात आखडता घेईल आणि गावकरी पुन्हा सावकाराच्या दारात जातील. बँकांवर आपल्या कर्जांपैकी 18 टक्के शेतीला देण्याचे बंधन आहे खरे, पण ते अमुक तालुक्यातच द्या असे सांगत नाही. बँक सुरक्षित तालुके निवडून ते सहज पूर्ण करू शकते. म्हणून नकाशाचा उपयोग अटी बदलण्यासाठी झाला पाहिजे: हप्त्यांच्या तारखा पीक आणि पावसाप्रमाणे ठरवणे, दुकानाचे जोते उंच करायला जोडकर्ज देणे, आपत्तीनंतर पंचनाम्यांची वाट न पाहता उपग्रहाच्या आधारे कर्जाचे पुनर्गठन सुरू करणे. ठेवीदारांचा पैसा राखणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. पण कर्जदार उभा राहिला तरच तो पैसा परत येतो. बँका हे आपणहून करतील, असा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. हवामान-जोखमीच्या कारणाने कोणत्या तालुक्यात किती अर्ज नाकारले, हा आकडा दरवर्षी जाहीर करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने नियमांतच करावी.