जुन्या फियाटचा मागचा थरथराट : आवर्तनं मोजून दोष कसा शोधायचा?

'वारंवारता' हा शब्द आपण नववीच्या ध्वनीच्या धड्यात शिकतो, उदाहरणं सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. आज तोच शब्द गाडीखाली नेऊ.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी आपल्या शेजारी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. पण घरगुती गाड्या अजून काहींनी जिवापाड जपल्यात.

तर या गाडीची मागची सीट ५०-६० च्या वेगाला थरथरायची. गॅरेजवाल्यानं टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्यापर्यंत चक्कर मारली आणि "काही नाही हो, गाडी जुनी झाली" म्हणाला. बरोबरच आहे! टेंभी नाक्याच्या गर्दीत २० च्या वर काटा जातोच कुठे? जो दोष ५० ला दिसतो तो २० ला कसा सापडणार? मग अंदाजानं मागचे शॉकअप बदलले. पैसे गेले, थरथर तशीच.

आता जरा रचना समजून घ्या. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप किंवा तुमच्या शाळेची ओम्नी व्हॅन यांत मात्र ताकद मागच्या चाकांना जाते. त्यासाठी गाडीखालून एक लांब पोकळ दांडा जातो, तो प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या टोकांना क्रॉस असतात, म्हणजे खड्ड्यात मागचा ॲक्सल वरखाली झाला तरी दांडा फिरत राहतो. शेवटी डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियन वेग कमी करून चाकांना देतात.

म्हणजे एकाच गाडीत वेगवेगळ्या गतीनं फिरणाऱ्या वस्तू आहेत, आणि प्रत्येकीच्या थरथरीची वारंवारता वेगळी. इथेच आपलं गणित कामाला येतं. टायरचा परीघ १.९ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ धरू. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागिले १.९, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ ९ वेळा फिरतं. शाफ्ट त्याच्या ४.३ पट, म्हणजे साधारण ३८ वेळा. टॉप गियरमध्ये इंजिनही शाफ्टच्याच गतीनं फिरतं. आणि क्रॉसची गंमत अशी, की दांडा कोनात असला तर क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. म्हणून क्रॉसची थरथर ३८ च्या दुप्पट, ७६ च्या आसपास.

चाकाची थरथर अंगाला गदगद हलवते, ठोके जवळजवळ मोजता येतात. शाफ्टची मात्र गुणगुण ऐकू येते, पाय ठेवलेली फळी मुंग्या आल्यासारखी झिणझिणते. हा फरक आधी स्वतःच्या शरीराला विचारा.

मग फुकटच्या चाचण्या करा. स्टिअरिंग हलतं का सीट? स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं बघा. फक्त ब्रेक मारल्यावर हलत असेल तर ड्रम ओव्हल झालाय. उभ्या गाडीत न्यूट्रलवर इंजिन तेवढंच रेस करा. तेव्हाही थरथरलं तर दोष इंजिनात किंवा त्याच्या माउंटिंगमध्ये. नाही तर मागची चाकं पुढे, पुढची मागे लावा. थरथर पुढे सरकली तर चाकाचं काम. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसलेला असतो, तेवढ्यानंही चाकाचा तोल जातो. आधी तो खरवडा, मग बॅलन्सिंगला पैसे द्या.

इथवर काही सापडलं नाही तर गाडी खड्ड्यावर घ्या. चाकांना अडण्या लावा, इंजिन बंद, गियर न्यूट्रल. शाफ्ट हातानं पिळून बघा. क्रॉसमध्ये ढिलाई लागली, वाट्यांभोवती गंजाची लाल भुकटी दिसली, किंवा गाडी उचलताना 'टक्' वाजत असेल तर क्रॉस गेला. हे लांबवू नका. धावत्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला तर दांड्याचं टोक रस्त्यावर पडून रुतू शकतं. पाट्यांचे यू-बोल्टही तपासा. ते ढिले असले की ॲक्सल कलतो आणि क्रॉसचा कोन बिघडतो. आणि चाकं उचलून इंजिन चालू ठेवून गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही!

आपल्या पद्मिनीचे क्रॉस घट्ट होते. मग मुलानं रविवारी पहाटे मोकळ्या हायवेवर, वडील गाडी चालवत असताना, मागच्या फळीवर मोबाईल ठेवला. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप थरथरीची वारंवारता दाखवतं. वेगही मोबाईलच्या जीपीएसवरच घेतला, जुन्या काट्यावर काय भरवसा? ५० च्या वेगाला उंच शिखर आलं ६३ च्या जवळ. करा बरं गणित : चाक ७.३, शाफ्ट ३१.४, दुप्पट ६२.८.

म्हणजे दोष शाफ्टच्या दुपटीत होता, पण क्रॉस तर चांगले. मग काय? एका टोकाचा क्रॉस वेगात जो चढउतार करतो तो दुसऱ्या टोकाचा क्रॉस पुसून टाकतो, पण त्यासाठी दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. वडिलांना विचारलं तेव्हा आठवलं, दिवाळीआधी ग्रीस भरायला शाफ्ट उतरवला होता. सरकत्या जोडाचे दाते परत बसवताना चुकले होते आणि काटे तिरके झाले होते. उतरवण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढली असती तर हे टळलं असतं.

शाफ्ट काढून दोन दाते फिरवून बसवला. पुढच्या रविवारी ६३ चं शिखर जवळजवळ गेलं होतं. ७ च्या जवळ एक बारीक टेकाड उरलंय. ते कशाचं असेल, हे तुम्ही सांगा.