महाडला जाताच, तर वेळासची कासवेही पाहून या!

धाराशिव जिल्ह्यातील माणसाला पाणी म्हटले की हापसा आठवतो, टँकर आठवतो. समुद्र आपल्यापासून फार दूर. आपल्या कितीतरी कष्टकरी कुटुंबांतील मुलांनी समुद्र पाहिला, तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेल्यावर, दादरच्या गर्दीतून, घटकाभर. समुद्रकिनारी सहलीला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपल्यातील अनेकजण दरवर्षी महाडला जातात. महाडच्या पुढे सावित्री नदीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुका लागतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. आणि याच तालुक्याच्या टोकाला, बाणकोटजवळ, वेळास नावाचे लहानसे गाव आहे. मार्चच्या सुमारास तेथील वाळूतून समुद्री कासवांची पिल्ले बाहेर पडतात. तेव्हा महाड, आंबडवे आणि वेळास अशी सहल एकाच रजेत बसते.

अंडी चोरणारा गाव राखणदार झाला

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. परत पाहायला ती येत नाही. मागे राहिलेली अंडी कधी कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात, तर कधी माणूसच ती उकरून नेई. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला काम सुरू केले. गावकऱ्यांना बरोबर घेतले. आता पहाटे किनारा फिरून घरटी शोधली जातात, अंडी काळजीपूर्वक काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यांत ठेवली जातात. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात व त्यांना समुद्राकडे सोडले जाते. ते पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि ‘कासव महोत्सव’ सुरू झाला.

पाहुणे उतरतात ते गावकऱ्यांच्याच घरी. जेवणही घरचेच. कासव जगले तर आपल्या घरात चार पैसे येतात, हे गावाला कळले. पोटाला आधार दिल्याशिवाय नुसत्या उपदेशाने निसर्ग वाचत नाही, हा यातील मोठा धडा होय. राज्य शासनाने २०१८ मध्ये अशीच एक योजना आणली. कासवासारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. जाळे म्हणजे गरीब मच्छीमाराचे भांडवल. ते त्याने पदरमोड करून का कापावे?

पाहताना हे पाळा

पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढावा असा मोह मुलांना होईल. तो आवरायला शिकवा. पिल्लू वाळूवरून स्वतः चालत पाण्यात गेले पाहिजे. त्या चालण्यातच त्याला जन्माच्या किनाऱ्याची ओळख पटत असावी, असे अभ्यासक मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला बहुधा त्याच भागात परत येते. म्हणून दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लांच्या वाटेत उभे राहू नका. बॅटरी आणि मोबाइलचा उजेड बंद ठेवा. पिल्लू उजेडाच्या दिशेने जाते, दिवा दिसला की समुद्र सोडून उलटे चालू लागते. प्लास्टिकच्या पिशव्या किनाऱ्यावर टाकू नका. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला खाण्याची वस्तू वाटते, आणि ती गिळून ते मरते.

काही कुटुंबे पुढे सिंधुदुर्गात मालवणलाही जातात. तेथील समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डोळ्यांना काच व तोंडात नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत तळ पाहण्याची सोय तेथे मिळते. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तळाच्या प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड दिसला तरी जिवंत असतो. कासव दिसले तर लांबूनच पाहा. पाठलाग करू नका, त्याच्या डोक्यावर घोळका करू नका. कासव आपल्यासारखेच हवेत श्वास घेते. त्याची वर येण्याची वाट अडवली तर त्याचा जीव घाबरा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे वा त्यांची अंडी नेणे यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

खर्चाचे गणित

२०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, लहान मुलांनाही अर्धेच. दोन-तीन कुटुंबे मिळून निघाली, वर्षभर महिन्याला थोडे बाजूला टाकले, तर खर्च आवाक्यात येतो. मात्र निघण्यापूर्वी वेळासला फोन करून चौकशी करा. पिल्ले रोज निघतातच असे नाही.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास. जातीपातीच्या वा राज्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत. समुद्र कोणा एकाचा नाही. तो जसा त्या कासवाचा, तसाच धाराशिवच्या वीटभट्टीवरील मजुराच्या लेकराचाही आहे. तेव्हा येत्या मार्चमध्ये लेकरांना अवश्य न्या. त्यांना डोळे भरून पाहू द्या, आणि हात मागे ठेवायलाही शिकवा.